उल्रिख्सची पत्रे आणि केर्टबेनीचा खर्डा

१८६२ च्या सप्टेंबरात फ्रँकफर्टमध्ये राहणाऱ्या कार्ल हाइनरिख उल्रिख्सने आपल्या बहिणीला एक पत्र लिहिले. वय ३७, शिक्षण कायद्याचे, हॅनोव्हर राज्याच्या न्यायखात्यातली नोकरी सुटलेली, लग्न केलेले नाही. पुढच्या तीन महिन्यांत त्याने इतर नातेवाइकांनाही लिहिले. त्यांतली चार पत्रे टिकली. उल्रिख्सच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी, १८९९ मध्ये, बर्लिनचा डॉक्टर माग्नुस हिर्शफेल्ड याने ती आपल्या वार्षिकाच्या पहिल्याच अंकात छापली. पुरुषाला पुरुषाविषयी वाटणारी ओढ जन्मजात असते, असे एका माणसाने आपल्या घरच्यांना स्वतःच्या सहीने सांगितल्याचा इतका जुना आणि इतका सविस्तर पुरावा माझ्या वाचनात दुसरा नाही.

या पत्रांबरोबर आणखी तीन साधने ठेवून मला एक गोष्ट जुळवायची आहे. उल्रिख्सच्या १८६४ ते १८७९ या काळातल्या बारा पुस्तिका. कार्ल मारिया केर्टबेनी या हंगेरियन लेखकाने ६ मे १८६८ रोजी उल्रिख्सला लिहिलेल्या पत्राचा खर्डा, जो बुडापेस्टच्या सेचेन्यी राष्ट्रीय ग्रंथालयात सापडला. आणि प्रशियाच्या वैद्यकीय मंडळाचे १८६९ चे मत. “हे जन्मतः असतं का?” हा प्रश्न आपल्याकडे आजही घराघरांत विचारला जातो, आणि बहुतेक वेळा असे गृहीत धरले जाते की त्याचे उत्तर मिळाले की समाजाने काय करायचे तेही ठरेल. या दोन प्रश्नांची गाठ कोणी, का आणि किती घट्ट बांधली, हे या कागदांत दिसते. ती बांधली जात असतानाच एकाने ती सोडवायला सांगितले होते, हेही दिसते.

आधी पत्रे. घरच्यांनी उल्रिख्सला काय लिहिले असेल, हे त्याच्या उत्तरांवरून ओळखता येते. ही सवय आहे, ती मनावर घेतले तर सुटेल. देवाची प्रार्थना कर. लग्न केलेस की ठीक होशील. घराण्यात ल्युथरन पाद्री होते, आईचे वडील मोठे धर्माधिकारी होते, त्यामुळे पापाची भाषा घरचीच होती. उल्रिख्सने उत्तरही त्याच भाषेत दिले: हा कल देवानेच माझ्यात घातला आहे, मी तो निवडलेला नाही, आणि जे निवडलेले नाही त्याची शिक्षा कशी भोगायची? संगतीने बिघडलो नाही, हे पटवण्यासाठी तो तारुण्यातला एक प्रसंग सांगतो. हॅनोव्हरश म्युंडेन या गावी नाचाच्या मेळाव्याला तो गेला होता. तिथे वनविद्यालयातले दहाबारा तरुण हिरव्या गणवेशात आले होते. मुलींबरोबर नाचताना आजवर त्याला काहीच वाटले नव्हते. या तरुणांकडे पाहून मात्र मन असे ओढले गेले की त्याचे त्यालाच नवल वाटले. रात्री खोलीवर परतल्यावर त्याला झोप लागेना. तिथे कुणी शिकवणारा नव्हता, कुणी मोहात पाडणारा नव्हता. त्याच्या दृष्टीने हा पुरावा होता, आणि वकिलाने साक्षीदार उभा करावा तसा त्याने तो बहिणीपुढे उभा केला.

या पत्रांतली सर्वांत बोलकी गोष्ट मात्र दुसरी आहे. १८६२ मध्ये उल्रिख्सपाशी खात्री होती, उपपत्ती नव्हती. ही ओढ येते कुठून, याचे उत्तर म्हणून तो त्या वेळी प्राणिज चुंबकत्वाकडे पाहत होता, म्हणजे सजीवांच्या देहात एक अदृश्य द्रव्य वाहते आणि ते एकमेकांना खेचते अशी जी कल्पना युरोपात तेव्हा बोकाळली होती तिच्याकडे. दोनच वर्षांनी छापलेल्या पुस्तिकेत चुंबकत्व मागे पडले आणि पुरुषदेहात स्त्रीचा जीव कोंडलेला असतो ही प्रसिद्ध मांडणी आली. त्यानंतर गर्भशास्त्र आले: सुरुवातीच्या आठवड्यांत गर्भात दोन्ही लिंगांचे अंकुर असतात, देहाचा अंकुर एका दिशेने वाढतो तसा ओढीचा अंकुर दुसऱ्या दिशेने वाढू शकतो. कारणे बदलत गेली, निष्कर्ष जागचा हलला नाही. टीकाकार इथे बोट ठेवतील. मला ते उलटे वाटते. जे त्याला स्वतःच्या अनुभवातून ठाऊक होते त्याला त्या काळच्या विद्येत जागा शोधण्याची ही धडपड आहे. माणसाला आपल्या मनाची ओळख शास्त्राच्या आधी होते आणि शास्त्राने मान्यता देईपर्यंत तो थांबू शकत नाही.

हे सगळे १८६२ मध्येच का लिहिले, याचेही उत्तर सापडते. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये योहान बाप्टिस्ट फॉन श्वाइट्झर या वकिलाला मानहाइमच्या बागेत एका मुलाशी गैरवर्तन केल्याच्या आरोपावरून अटक झाली. उल्रिख्सने त्याच्या बचावाचे टिपण लिहून तुरुंगात पाठवले. श्वाइट्झर पुढे जर्मन कामगार चळवळीचा नेता झाला. त्याच्या प्रकरणातल्या आरोपाचा भार उल्रिख्सने नीट तोलला असे मला वाटत नाही. मुलांच्या बाबतीत त्याची पुढची लिखाणे अधिक सावध आहेत. पण गप्प बसण्याचे दिवस संपले, हे त्याने या अटकेनंतर ठरवले. त्याची स्वतःची जखमही होती. १८५४ च्या अखेरीस, हिल्डेसहाइमच्या न्यायालयात साहाय्यक असताना, त्याच्याविषयीची कुजबुज वरिष्ठांच्या कानावर गेली आणि शिस्तभंगाची कारवाई होण्याआधीच त्याने राजीनामा दिला. हॅनोव्हरमध्ये १८४० च्या दंडसंहितेनुसार दोन पुरुषांमधला खासगी संबंध हा गुन्हाच नव्हता. कायदा निर्दोष ठरवत असताना नोकरी गेली. समाजमान्यता ही कायद्यापेक्षा वेगळी चीज आहे, हे त्याला तेव्हा कळले असणार.

नातेवाइकांना ही पत्रे पचली नाहीत. निदान नाव तरी लावू नकोस, हे त्यांचे गाऱ्हाणे त्याने ऐकले. १८६४ मध्ये लाइपझिगला निघालेल्या पहिल्या पुस्तिकांवर लेखक म्हणून ‘नुमा नुमान्टियुस’ हे टोपणनाव आहे. प्लेटोच्या ‘परिसंवादा’तल्या स्वर्गीय प्रेमाच्या देवतेवरून त्याने आपल्यासारख्यांना ‘उर्निंग’ असे नाव दिले. सॅक्सनीच्या पोलिसांनी पुस्तिका जप्त केल्या, न्यायालयाने त्या मोकळ्या केल्या. आणि मग टपाल येऊ लागले.

या टपालाने उल्रिख्सला बदलले. पहिल्या पुस्तिकेतला उर्निंग म्हणजे उल्रिख्सचाच आरसा: मनाने हळवा, लहानपणी मुलींच्या खेळांत रमणारा. देशोदेशींच्या वाचकांनी कळवले की आम्ही असे नाही. कुणी सैन्यात होता, दणकट होता, त्याच्या चालण्याबोलण्यात बायकी म्हणावे असे काहीच नव्हते. कुणाला स्त्रिया आणि पुरुष दोघांविषयी ओढ वाटत होती. स्त्रीला स्त्रीविषयी वाटणाऱ्या ओढीची दखल घेणेही भाग पडले. उल्रिख्सने ही पत्रे बाजूला सारली नाहीत. १८६५ पासूनच्या पुस्तिकांत त्याचे वर्गीकरण वाढत जाते: पुरुषी उर्निंग, बायकी उर्निंग, त्यांच्या मधले, दोघांवर प्रेम करणारे, स्त्री-उर्निंग. आज हा तक्ता क्लिष्ट आणि काहीसा भाबडा वाटतो. पण अनोळखी वाचकांच्या सांगण्यावरून आपला लाडका सिद्धांत मोडून पुन्हा मांडणारा लेखक त्या शतकात सहसा भेटत नाही. एकाच साच्यात सगळे बसत नाहीत, ही गोष्ट ‘जन्मजात’ म्हणणाऱ्या माणसाच्याच हाती आली होती.

१८६६ मध्ये प्रशियाने हॅनोव्हर गिळले. उल्रिख्सने आपल्या जुन्या राजघराण्याची बाजू उघड घेतली आणि १८६७ मध्ये दोनदा अटक होऊन मिंडेनच्या किल्ल्यात कैद भोगली. घराच्या झडतीत पोलिसांनी कागद नेले. त्यांत बर्लिनमधल्या दीडशे उर्निंगांची यादी होती. सुटका झाली ती हॅनोव्हर सोडण्याच्या अटीवर. तिथून तो बव्हेरियात गेला आणि ऑगस्टच्या अखेरीस म्यूनिकच्या ओडेऑन सभागृहात जर्मन विधिज्ञांच्या परिषदेत जाऊन बसला.

त्या दिवसाची हकीकत आपल्याला मुख्यतः उल्रिख्सच्याच तोंडून कळते. १८६८ च्या पुस्तिकेत, जिच्यावर पहिल्यांदा त्याचे खरे नाव आहे, त्याने ती लिहिली. स्वतःच्या धैर्याची कथा माणूस स्वतः सांगतो तेव्हा ती जपून वाचावी लागते. पण त्यात त्याने आपली भीती लपवलेली नाही, म्हणून मला ती विश्वसनीय वाटते. तारीख २९ ऑगस्ट १८६७. आदल्याच दिवशी त्याला ४२ वर्षे पूर्ण झाली होती. समोर पाचशेहून अधिक विधिज्ञ, त्यांत मंत्री आणि बव्हेरियाच्या राजघराण्यातले लोक. छाती धडधडत होती. अजून वेळ आहे, नाव मागे घे, असे एक मन सांगत होते. दुसरीकडे त्याला आठवत होते ते फौजदारी चौकशी मागे लागल्यावर आत्महत्या केलेला ओळखीचा माणूस, आणि आशेने आपल्याकडे पाहणारे पत्रलेखक. तो व्यासपीठावर चढला. जर्मनीत हजारो माणसांचा निव्वळ त्यांच्या निसर्गदत्त प्रेमापायी छळ होतो, असे त्याने म्हणताच काहींना विषय कळला आणि आरडाओरड सुरू झाली. ‘बंद करा’ म्हणणारे एका बाजूला, ज्यांना अजून उलगडा झाला नव्हता ते ‘चालू द्या’ म्हणणारे दुसऱ्या बाजूला. अध्यक्षांनी तोडगा काढला की पुढचे लॅटिनमध्ये बोला. उल्रिख्सने हातातले कागद अध्यक्षांच्या टेबलावर ठेवले आणि तो खाली उतरला.

जो ठराव मांडायचा होता, तो त्याने ग्राझच्या एका प्राध्यापकासह दोन वर्षांपूर्वी, १८६५ मध्येच, परिषदेकडे पाठवला होता आणि परिषदेने तो चर्चेला अयोग्य ठरवून बाजूला ठेवला होता. त्याचा मजकूर पाहिला पाहिजे. मागणी अशी: पुरुषाविषयीच्या जन्मजात प्रेमाला, स्त्रीविषयीच्या प्रेमाला ज्या परिस्थितीत शिक्षा होते, त्याच परिस्थितीत शिक्षा व्हावी, म्हणजे जबरदस्ती, धमकी, वयात न आलेल्याचा गैरफायदा, शुद्धीवर नसलेल्याचा गैरफायदा, सार्वजनिक शिसारी. यांतले काही नसेल तर शिक्षा नको. आता यातला जन्मजातपणाचा दावा काढून टाका आणि ठराव पुन्हा वाचा. काहीच ढासळत नाही. सारा भार समानतेने आणि संमतीने तोललेला आहे. उल्रिख्समधला कायदेपंडित आणि उल्रिख्समधला दुखावलेला मुलगा असे दोघे या ठरावात शेजारीशेजारी आहेत. ‘जन्मजात’ हे दुसऱ्याचे म्हणणे आहे.

हेच त्याला स्पष्ट शब्दांत कळवले केर्टबेनीने.

केर्टबेनी १८२४ मध्ये व्हिएन्नात जन्मला. मूळ आडनाव बेंकर्ट. १८४७ मध्ये त्याने ते बदलून घेतले. हंगेरियन कवितांची जर्मन भाषांतरे करणारा, कायम कर्जात बुडालेला, जगभरच्या लेखकांशी ओळखी सांगणारा माणूस. पुस्तकाच्या दुकानात उमेदवारी करत असताना त्याच्या एका मित्राने खंडणीबहाद्दराच्या जाचाने जीव दिला, आणि तेव्हापासून या विषयात मन गुंतले, असे त्याने लिहिले आहे. स्वतः आपण त्यांतले नाही, असेही त्याने बजावून ठेवले आहे. ६ मे १८६८ च्या खर्ड्यात ‘होमोसेक्शुअल’ आणि ‘हेटरोसेक्शुअल’ हे दोन शब्द जगात पहिल्यांदा लिहिलेले सापडतात, म्हणून हा कागद प्रसिद्ध आहे. मला त्यातला युक्तिवाद शब्दांहून मोलाचा वाटतो.

केर्टबेनीचे म्हणणे थोडक्यात असे. जन्मजातपणा सिद्ध करायला जाणे म्हणजे दुधारी शस्त्र हाती घेणे. मानववंशशास्त्राच्या दृष्टीने निसर्गाचे ते कोडे कितीही रंजक असो, कायद्याला त्याच्याशी कर्तव्य नाही. काही माणसे रक्ताची तहान घेऊन जन्मतात, कुणाला आगी लावण्याचे वेड उपजत असते. म्हणून कायदा त्यांना मोकळे सोडतो का? कायदा धोका कुणाला आहे ते पाहतो. तेव्हा संशयाला जागा न ठेवता जन्मजातपणा सिद्ध केला तरी पदरात काही पडणार नाही. विरोधकांना त्यांच्याच कायदेशीर तत्त्वांनी पटवायला हवे की ही ओढ जन्मजात असो वा ठरवून घेतलेली असो, चौदा वर्षांवरील दोन व्यक्तींमध्ये संमतीने, इतरांच्या हक्काला धक्का न लावता, खासगीत जे घडते त्यात हात घालण्याचा अधिकारच राज्याला नाही.

वयाचा आकडा आज कुणी मान्य करणार नाही, आणि करू नये. त्या काळाच्या कायद्यातली ती मोजमापे होती. तत्त्व मात्र लखलखीत आहे. पुढच्या वर्षी, १८६९ मध्ये, केर्टबेनीने लाइपझिगहून प्रशियाच्या न्यायमंत्र्याला उद्देशून दोन निनावी पुस्तिका काढल्या आणि हेच सविस्तर मांडले. उल्रिख्सनेही ते काही अंशी ऐकले असावे: १८७० च्या पुस्तिकेत त्याचा सूर नैसर्गिक हक्कांचा आहे. पण जन्मजातपणा त्याने सोडला नाही.

दरम्यान प्रशियात एक वेगळाच कौल लागला होता. उत्तर जर्मन संघासाठी नवी दंडसंहिता तयार होत होती आणि सरकारने आपल्या वैद्यकीय मंडळाला विचारले की पुरुषांमधल्या संबंधांना शिक्षा ठेवण्याला वैद्यकशास्त्राचा आधार आहे का. पेशीसिद्धांतामुळे जगाला माहीत असलेला रुडॉल्फ विर्खो या मंडळावर होता. २४ मार्च १८६९ चे मत असे की इतर कामुक कृत्ये मोकळी ठेवून नेमक्या याच कृत्याला शिक्षा देण्याचे कोणतेही कारण आम्ही दाखवू शकत नाही. म्हणजे शास्त्र बाजूने होते. तरी कलम राहिले. सरकारी स्पष्टीकरणाचा आशय असा की वैद्यकाचे आणि विधिशास्त्राचे आधार सुटले तरी जनतेच्या न्यायबुद्धीला हे कृत्य गुन्हाच वाटते. १८६९ च्याच जानेवारीत बर्लिनमध्ये फॉन त्सास्ट्रोव नावाच्या माणसाला एका लहान मुलावरच्या अमानुष अत्याचारासाठी अटक झाली होती, त्याच्याकडे उल्रिख्सच्या पुस्तिका सापडल्या होत्या आणि वर्तमानपत्रे पेटली होती. एका नराधमाच्या कृत्याचा डाग संमतीने प्रेम करणाऱ्या सगळ्यांवर उडाला. १ जानेवारी १८७२ पासून कलम १७५ साऱ्या जर्मन साम्राज्यात लागू झाले, बव्हेरियातही, जिथे १८१३ पासून हा गुन्हा नव्हता. ते पूर्णपणे रद्द व्हायला १९९४ उजाडले.

केर्टबेनीने ज्या दुसऱ्या धारेचा इशारा दिला होता तिचा वार व्हायला फार वेळ लागला नाही. उल्रिख्सने आपल्या पुस्तिका १८६६ मध्ये ज्यांना धाडल्या होत्या त्यांत रिखार्ड फॉन क्राफ्ट-एबिंग हा तरुण मनोविकारतज्ज्ञ होता. २९ जानेवारी १८७९ च्या पत्रात क्राफ्ट-एबिंग उल्रिख्सला कळवतो की तुमच्या लिखाणामुळेच मी या विषयाकडे वळलो. हे पत्र वाचून उल्रिख्सला काय वाटले असेल? कारण क्राफ्ट-एबिंगने जन्मजातपणा मान्य केला आणि त्याला ऱ्हासाचे, रोगट आनुवंशिकतेचे लक्षण ठरवले. १८८६ च्या त्याच्या ग्रंथाने ही समजूत युरोपभर नेली. १९०१ मध्ये, मृत्यूच्या आदल्या वर्षी, त्याने हिर्शफेल्डच्याच वार्षिकात आपले मत बरेच मवाळ केले, पण तोवर वेळ गेली होती. जन्मजात म्हणजे निसर्गाने दिलेले, असे उल्रिख्स म्हणाला होता. जन्मजात म्हणजे उपजत बिघाड, असे डॉक्टरांनी ऐकले. आणि बिघाड म्हटला की दुरुस्ती आली. १९१६ च्या सुमारास व्हिएन्नात ऑयगेन श्टाइनाखच्या संशोधनावर विसंबून समलिंगी पुरुषांवर वृषणरोपणाच्या शस्त्रक्रिया झाल्या. जन्मजातपणाचा सर्वांत मोठा पुरस्कर्ता हिर्शफेल्ड सुरुवातीला त्यांच्याविषयी आशावादी होता. १९४४ मध्ये कार्ल व्हेर्नेट या डॅनिश डॉक्टरने बुखेनवाल्डच्या छळछावणीत समलिंगी कैद्यांच्या शरीरात संप्रेरकाच्या कुप्या शिवल्या. हा मार्ग उल्रिख्सच्या पुस्तिकांतून निघाला असे म्हणणे घोर अन्याय होईल. क्रौर्याला निमित्त लागते, कारण नाही. पण केर्टबेनीच्या खर्ड्यातली भीती कल्पनेतली नव्हती, एवढे या घटना दाखवतात.

मग जन्मजात असते का? आजचे उत्तर उल्रिख्सला पुष्कळसे मान्य झाले असते, क्राफ्ट-एबिंगला नाही. लैंगिक कल हा आजार नाही. तो उपदेशाने, लग्नाने किंवा उपचाराने बदलत नाही. संगतीने किंवा संगोपनाने तो घडतो याला भक्कम पुरावा नाही. जन्मापूर्वीच्या घटकांकडे बोट दाखवणारे पुरावे मात्र आहेत: एकाच आईच्या पोटी आधी जितके मुलगे झालेले, तितकी नंतरचा मुलगा समलिंगी असण्याची शक्यता थोडी वाढलेली, असे निरीक्षण अनेक अभ्यासांत आले आहे. २०१९ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात सुमारे पावणेपाच लाख लोकांच्या जनुकीय माहितीचा अभ्यास आला. समलिंगी वर्तनाशी निगडित पाच जागा त्यात सापडल्या. सर्व सामान्य जनुकीय भेद एकत्र धरले तरी माणसामाणसांतल्या फरकाचा ८ ते २५ टक्के भाग त्यांनी उलगडतो. एकच एक ‘जनुक’ नाही आणि जनुके पाहून कुणाचा कल सांगता येत नाही. ज्यांनी हक्कांची इमारत एका जनुकावर उभारायची ठरवली असती त्यांची त्या दिवशी पंचाईत झाली असती. केर्टबेनीच्या पायावर उभे असणाऱ्यांना त्या शोधनिबंधाने काही फरक पडला नाही.

उल्रिख्स १८८० मध्ये जर्मनी सोडून इटलीत गेला. लाक्विला या डोंगरी गावात त्याने १८८९ पासून ‘अलाउदाए’ हे लॅटिन नियतकालिक चालवले, शिकवण्या केल्या, गरिबीत दिवस काढले. १४ जुलै १८९५ रोजी तो तिथेच वारला. १८९१ मध्ये त्याला भेटायला इंग्रज लेखक जॉन ॲडिंग्टन सायमंड्स आला होता. सायमंड्सने उल्रिख्सची मांडणी इंग्रजीत आणली आणि हॅवलॉक एलिसबरोबर या विषयावर ग्रंथ सिद्ध केला. तो आधी १८९६ मध्ये जर्मनीत निघाला आणि इंग्रजी आवृत्तीवर पुढे लंडनमध्ये खटला झाला.

इथून धागा मुंबईला येतो. एलिसचे ग्रंथ बारकाईने वाचणाऱ्यांत रघुनाथ धोंडो कर्वे होते. १९२७ च्या जुलैपासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवताना त्यांनी वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उघड उत्तरे दिली, आणि अशाच उत्तरांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. प्रश्नांत हस्तमैथुनाचे होते तसे समलिंगी संबंधांचेही होते. उच्च न्यायालयात कर्व्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले. कर्वे खटला हरले, त्यांना दंड झाला. समलिंगी ओढीवर मराठी माणसाने शास्त्रीय वृत्तीने बोलायचे ठरवले तेव्हा त्याच्या पाठीशी उभे राहिलेले नाव कुणाचे होते, हे आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत ठळकपणे यायला हवे.

भारतीय दंडसंहितेचे कलम ३७७ जर्मन नव्हते, इंग्रजांचे होते. १८६० ला मंजूर झालेली ही संहिता उल्रिख्सने बहिणीला लिहिले त्याच १८६२ सालच्या पहिल्या दिवशी अमलात आली. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीपुरते ते रद्द केले. नवतेज सिंग जोहर खटल्याच्या त्या निकालात उल्रिख्स आणि केर्टबेनी दोघेही भेटतात. न्या. इंदू मल्होत्रा यांच्या निकालपत्रात लैंगिक कल हा व्यक्तीच्या ओळखीचा जन्मजात, मनात आणून न बदलणारा भाग आहे असे म्हटले आहे, आणि जोडीदार निवडणे हा वैयक्तिक निवडीचा अधिकार आहे असेही. काही विधिज्ञांना यात विसंगती दिसते: एकच गोष्ट उपजत आणि निवडलेली कशी? मला दिसत नाही. कल निवडलेला नसतो, त्या कलाप्रमाणे कुणाबरोबर आयुष्य काढायचे ते माणूस निवडतो. न्यायालयाला दुसरा आधार पुरेसा होता हे केर्टबेनीचे म्हणणे मी मान्य करतो. पण निकाल फक्त वकील वाचत नाहीत. ज्या आईबापांना वाटते की आपल्या संगोपनात काही चुकले, आपण बाहेरगावी शिकायला पाठवले म्हणून हे झाले, त्यांच्या मनावरचे ओझे राज्याच्या अधिकारकक्षेच्या चर्चेने उतरत नाही. तुमची चूक नाही, त्याचीही नाही, हे त्यांना कुणीतरी सांगावे लागते. उल्रिख्सची चार पत्रे न्यायालयाला नव्हे, घरच्यांना लिहिलेली होती. तिथे त्याचाच मुद्दा हवा होता, आणि तिथे तो बरोबर होता.

अशा आईबापांच्या भीतीवर धंदा करणारे आजही आहेत. औषधे, संमोहन, विजेचे झटके, लग्नाचा सल्ला, असे सारे ‘बदलून देतो’ या नावाखाली विकले जाते. मद्रास उच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानंतर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑगस्ट २०२२ मध्ये सर्व राज्यांच्या वैद्यक परिषदांना कळवले की लैंगिक कल बदलण्याचे तथाकथित उपचार हे व्यावसायिक गैरवर्तन आहे. महाराष्ट्रात असे उपचार करणाऱ्या नोंदणीकृत ॲलोपॅथी डॉक्टरविरुद्ध महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे तक्रार करता येते.